जिओमॅपॲप : समुद्राचा तळ स्वतःच्या हाताने कापून बघायचाय त्यांच्यासाठी

आधीच सांगून टाकते, हे सॉफ्टवेअर फुकट आहे, दिसायला जुनाट आहे, आणि जिऑलॉजी किंवा भूगोल शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ते असायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. नाव जिओमॅपॲप. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाची लॅमाँट-डोहर्टी अर्थ ऑब्झर्व्हेटरी आहे ना, त्यांनी बनवलेलं. विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं, पण मोबाईलवर होत नाही, लॅपटॉप लागतोच. गुगल अर्थवर समुद्राचा तळ दिसतो की, मग हे वेगळं कशाला, असं मुलं विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सविस्तरच लिहावं.

मी बीएस्सीच्या मुलांना शिकवते आणि हे मुख्यतः एकाच कामासाठी वापरते, ते म्हणजे समुद्राखालच्या पर्वतरांगा, ज्यांना रिज म्हणतात, त्यातही हळू पसरणाऱ्या. त्यामुळे हा रिव्ह्यू सगळ्या फीचर्सचा नाही, या एका कामाचा आहे, पण मला वाटतं या कामातच त्याची खरी ताकद कळते.

आपल्या पुस्तकात रिजची एकच आकृती असते. दोन प्लेटा बाजूला चालल्यात, मधून शिलारस वर येतोय, वर पिलो लाव्हा म्हणजे उशांसारखा गोठलेला लाव्हा, त्याखाली उभे डाइक म्हणजे भेगांत गोठलेला शिलारस, त्याखाली गॅब्रो म्हणजे खोलवर सावकाश गोठलेला खडक, आणि सगळ्यात खाली मँटल म्हणजे प्रावरण, असे एकावर एक नीट थर, जाडी सहा-सात किलोमीटर, संपला विषय. ही आकृती चुकीची नाहीये. ओमान, सायप्रस अशा ठिकाणी समुद्रतळाचे तुकडे जमिनीवर येऊन बसलेत, ते बघून भूशास्त्रज्ञांच्या 1972 च्या पेनरोझ परिषदेत हे थर पक्के ठरले, आणि भराभर पसरणाऱ्या रिजला हे चित्र बऱ्यापैकी लागूही पडतं. पण जगातल्या रिजची एकूण साखळी धरली तर 65,000 किलोमीटर लांब आहे आणि तिचा फार मोठा भाग हळू पसरतो. अख्खा मध्य अटलांटिक, आपल्या अरबी समुद्रातला कार्ल्सबर्ग, दक्षिणेकडचा नैर्ऋत्य हिंदी महासागर रिज, आर्क्टिकच्या बर्फाखालचा गॅकेल. तिथे हे थर असे शिस्तीत नसतातच, आणि हे मुलांना तोंडी सांगून पटत नाही, दाखवावंच लागतं. तिथे हे सॉफ्टवेअर कामाला येतं.

सॉफ्टवेअर उघडलं की आधी विचारतं, कुठला नकाशा हवा, मर्केटर, उत्तर ध्रुव की दक्षिण ध्रुव. मर्केटर घ्या. जगाचा नकाशा येतो, त्यावर झूम करत जायचं. झूम केलं की नकाशा परत लोड होतो, तोवर धुरकट दिसतो, जरा थांबायचं. वरच्या पट्टीत एक प्रोफाइलचं बटण आहे, ते दाबून नकाशावर कुठूनही कुठेही रेघ ओढा, त्या रेघेवरचा उंच-सखल आडवा छेद दुसऱ्या खिडकीत लगेच येतो. छेदावर कर्सर फिरवला की तुम्ही नकाशावर नेमके कुठे आहात तेही दिसतं. आकडे हवे असतील तर अक्षांश, रेखांश, अंतर, खोली सगळं सेव्ह करून एक्सेलमध्ये घ्या. माझ्या मते नुसत्या या एका बटणासाठी हे डाउनलोड करावं.

आता पहिला प्रयोग म्हणून हे करा. पॅसिफिकमध्ये जा, मेक्सिकोच्या दक्षिणेला 9 अंश 50 मिनिटं उत्तर, 104 अंश पश्चिमच्या आसपास. ही ईस्ट पॅसिफिक राइज, इथे वर्षाला साधारण 11 सेंटीमीटरच्या वेगाने तळ पसरतो. रिजला काटकोनात शंभर किलोमीटरची रेघ ओढा. काय दिसतं? अडीच हजार मीटर खोलीवर एक बुटका, गुळगुळीत उंचवटा, दोन्हीकडे हळूहळू उतरत गेलेला. दरी वगैरे काही नाही, शिखरावर अगदी चिंचोळी खाच असते तीसुद्धा या स्केलला कळत नाही. मग अटलांटिकमध्ये या, 26 अंश उत्तर, 45 अंश पश्चिम, आणि तेवढीच रेघ तशीच ओढा. इथे मधोमध खचदरी, तळ साडेतीन हजार मीटरच्या आसपास, दोन्ही बाजूंना दीड-दोन किलोमीटर उंचीच्या भिंती, आणि त्या भिंतींच्या पलीकडेही एकामागून एक डोंगर, दरी, डोंगर, दरी, कुठेही सपाटी म्हणून नाही. दोन्ही छेद शेजारी शेजारी ठेवले की वर्गात वेगळं काही बोलावं लागत नाही, मुलं स्वतःच विचारतात की मॅडम दोन्हीकडे नवीन तळच तयार होतोय ना मग एवढा फरक कसा.

कसा, तर शिलारसाचा पुरवठा. जोरात पसरणाऱ्या रिजखाली एक-दीड किलोमीटरवर शिलारसाचा साठा जवळपास कायम असतो, त्यामुळे वरचं कवच गरम आणि पातळ राहतं, फाटलं की लगेच लाव्हा येऊन भरतो. 9 अंश 50 मिनिटांच्या त्याच जागी 1991 ला आणि परत 2005-06 ला उद्रेक झालेत. अटलांटिकमध्ये वर्षाला अडीच सेंटीमीटरच्या आत-बाहेर वेग, तिथे शिलारस अधूनमधून येतो, मधल्या काळात खडक थंड होऊन जाड होतो आणि प्लेटा तर ओढत राहतातच, मग ताण निघणार कुठून, तर प्रस्तरभंगातून, म्हणजे फॉल्टमधून. खडक तुटतो, सरकतो, खचतो. ती दरी म्हणजे या तुटण्याची जागा.

याचा पुरावाही इथेच मिळतो. डेटासेट्समधून भूकंपांचा थर वर चढवा. ईस्ट पॅसिफिक राइजवर ठिपके दिसतात ते मुख्यतः रिजचे तुकडे आडवे तोडणाऱ्या ट्रान्सफॉर्म फॉल्टवर, रिजचा माथा बऱ्यापैकी मोकळा. मध्य अटलांटिकवर मात्र माथ्याच्या दरीतून सलग ठिपके, ट्रान्सफॉर्मवर तर आहेतच पण दरीतही. एका क्लिकमध्ये कळतं की कुठे शिलारस काम करतोय आणि कुठे फॉल्ट.

इथे थोडं विषयांतर करते पण मला हे सांगायचंच आहे. ही प्रोफाइलची युक्ती जिथे आज एका बटणात मिळते त्याच लॅमाँटमध्ये मेरी थार्प नावाच्या बाईंनी 1952-53 मध्ये हेच काम हाताने केलं होतं. जहाजांच्या ध्वनीमापनाचे आकडे घेऊन उत्तर अटलांटिकचे सहा छेद शाईने काढले, एकाखाली एक लावले, आणि त्यांच्या लक्षात आलं की डोंगर जुळत नाहीत पण मधली इंग्रजी व्हीसारखी खाच मात्र प्रत्येक छेदात बरोबर जागेवर येते. त्यांचे सहकारी ब्रूस हीझेन यांनी आधी ते बायकांचं बोलणं म्हणून उडवून लावलं. नंतर त्याच ऑफिसात हॉवर्ड फॉस्टर भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडत होते, ते दोन नकाशे एकमेकांवर ठेवले तर भूकंप नेमके खाचेतच पडत होते, तेव्हा कुठे मान्य झालं. म्हणजे आत्ता मी तुम्हाला जे करायला सांगितलं, छेद काढा आणि वर भूकंप चढवा, ते थार्पबाईंनी सत्तर वर्षांपूर्वी कागदावर केलेलं आहे, आणि ज्या जहाजांचे आकडे त्या वापरत होत्या त्या जहाजांवर तेव्हा बायकांना घेतही नसत. मुलींना हे सांगा. मी दर वर्षी सांगते.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. 30 अंश उत्तर, 42 अंश पश्चिम. अटलांटिस ट्रान्सफॉर्म फॉल्ट आणि रिज जिथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यावर अटलांटिस मॅसिफ नावाचा डोंगर आहे. नुसता नकाशा बघून भागणार नाही, वरच्या पट्टीतून ग्रिड, म्हणजे खोलीच्या आकड्यांची जाळी, लोड करा आणि प्रकाशाची दिशा बदलत राहा. सॉफ्टवेअरमध्ये खोटा सूर्य असतो, तो कुठून उगवायचा आणि किती उंचीवर ठेवायचा ते आपल्या हातात. सूर्य उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून ठेवला की डोंगराच्या गोलसर पाठीवर पूर्व-पश्चिम लांबच लांब रेषा उठून दिसतात, नुकत्याच नांगरलेल्या रानात सऱ्या पडतात ना तशा, एकमेकींना समांतर. सूर्य पूर्वेकडून ठेवला तर त्या जवळजवळ नाहीशा होतात, म्हणून हा खेळ खेळायचा. बाकी सगळ्या अटलांटिकभर डोंगराच्या ओळी रिजला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण धावतात आणि फक्त या घुमटावरच्या रेषा आडव्या, पसरण्याच्या दिशेने. का?

कारण हा डोंगर लाव्हाने उभा राहिलेला नाहीये. ही अख्खी पाठ म्हणजे एका फॉल्टचं उघडं पडलेलं तोंड आहे. साधारण फॉल्ट थोडा सरकतो, बंद पडतो, शेजारी दुसरा सुरू होतो. इथे एकच फॉल्ट दहा-वीस लाख वर्षं सरकतच राहिला, खालचा खडक ओढून ओढून वर काढत राहिला, वर येताना तो भाग वाकून आडवा झाला आणि त्याचा घुमट बनला. त्या सऱ्या म्हणजे घसरण्याच्या खुणा. याला डिटॅचमेंट फॉल्ट म्हणतात आणि घुमटाला ओशनिक कोअर कॉम्प्लेक्स. 1990 च्या दशकात सोनारचे चांगले नकाशे आले तेव्हा कुठे हे प्रकरण लक्षात आलं. घुमटाचा दक्षिण माथा समुद्रसपाटीच्या खाली फक्त 700 मीटरच्या आसपास आहे आणि शेजारच्या दरीचा तळ 3000 मीटरच्या खाली, म्हणजे उठाव कळसूबाईच्या 1646 मीटरपेक्षाही बराच जास्त. हेही प्रोफाइल काढून स्वतः मोजा.

आणि वर ओढून काढलेला खडक कुठला, तर गॅब्रो आणि मँटलचा पेरिडोटाइट. म्हणजे पुस्तकातल्या आकृतीत सहा-सात किलोमीटर खाली दाखवलेला मँटल इथे समुद्राच्या पाण्याला थेट लागलेला आहे. पाणी आणि पेरिडोटाइट भेटले की त्यातल्या ऑलिव्हिन या खनिजाचं सर्पेंटाइन हे दुसरं खनिज होतं, त्यातून हायड्रोजन सुटतो, उष्णता निघते. याच मॅसिफच्या दक्षिण कड्यावर 2000 च्या डिसेंबरमध्ये लॉस्ट सिटी हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण सापडलं, कार्बोनेटचे पांढरे मनोरे, सगळ्यात उंच 60 मीटर, पाणी 40 ते 90 अंश सेल्सियस आणि चांगलंच अल्कधर्मी. समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांचे नेहमीचे काळे धुराडे शिलारसाच्या उष्णतेवर चालतात, हे तसे नाहीत. जीवसृष्टीची सुरुवात कुठे झाली असेल यावर काम करणाऱ्यांचं या जागेकडे लक्ष आहे ते त्या हायड्रोजनमुळे. 2023 मध्ये जॉइड्स रेझोल्यूशन या ड्रिलिंग जहाजाने इथेच 1268 मीटर खोल भोक पाडून मँटलच्या खडकाचा जवळपास सलग गाभा वर काढला. त्याआधी 2004-05 मध्ये त्याच घुमटावर 1415 मीटर भोक पाडलं होतं तर त्यात बहुतेक सगळा गॅब्रोच निघाला. एकाच घुमटावर काही किलोमीटरच्या अंतरात एकीकडे गॅब्रो आणि दुसरीकडे मँटल! हळू पसरणाऱ्या रिजचं कवच म्हणजे काय हे या दोन भोकांइतकं स्पष्ट कशानेच सांगता येत नाही. ड्रिलिंगच्या जागांचा थरही सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो चढवला की भोकं कुठे ते घुमटावरच दिसतं. ते जहाज 2024 मध्ये सेवेतून काढलं गेलं याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण नकाशा कितीही चांगला असला तरी खडक वर काढल्याशिवाय खात्री होत नाही.

आता ज्या फीचरबद्दल कोणीच बोलत नाही आणि जे माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक आहे, ते म्हणजे मास्क. बटण दाबलं की जिथे जहाजाने खरोखर मल्टीबीम सोनारने, म्हणजे एकाच वेळी अनेक ध्वनिझोत सोडून, मोजलेलं आहे तेवढाच भाग उजळ राहतो, बाकी सगळा फिका पडतो. आणि एवढा भाग फिका पडतो की बघूनच धक्का बसतो. त्या फिक्या भागातली खोली बरीचशी उपग्रहांवरून काढलेली आहे, समुद्राच्या पृष्ठभागाचे बारीक उंचवटे मोजून त्यावरून गुरुत्व आणि त्यावरून तळाचा अंदाज, त्यात काही किलोमीटरपेक्षा लहान गोष्टी दिसतच नाहीत. 2025 च्या जूनपर्यंत जगाच्या समुद्रतळापैकी 27.3 टक्केच नीट मोजून झालाय. गुगल अर्थवर हे सगळं एकसारख्या निळ्या रंगात रंगवलेलं असतं त्यामुळे वाटतं की सगळं माहीत आहे. इथे कुठे माहीत आहे आणि कुठे अंदाज आहे हे सरळ दाखवतात. मुलांना मी सक्तच सांगून ठेवलंय, छेद काढण्याआधी मास्क लावून बघायचं, रेघ फिक्या भागातून जात असेल तर त्यातल्या बारीक टेकड्यांवर काही लिहायचं नाही. अटलांटिस मॅसिफच्या त्या सऱ्या दिसतात कारण तिथे मोजणी झालीय. तशाच सऱ्या असलेले किती घुमट फिक्या भागात दडले असतील कोण जाणे.

आपल्याकडच्या लोकांनी कार्ल्सबर्ग रिज बघितल्याशिवाय सॉफ्टवेअर बंद करू नये. मुंबईवरून नैर्ऋत्येला रेघ ओढत जा, साधारण 1900 किलोमीटरवर तुम्ही खचदरीत उतरता. डेन्मार्कच्या डाना जहाजाने 1928-30 च्या मोहिमेत ही रांग शोधली आणि पैसे कार्ल्सबर्ग फाउंडेशनचे होते म्हणून हे नाव. याच रिजवर 1962 मध्ये एचएमएस ओवेन जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी चुंबकीय मोजमापं घेतली, त्यावर फ्रेड व्हाइन आणि त्यांनी 1963 मध्ये तो प्रसिद्ध पेपर लिहिला, की तळावरचे उलटसुलट चुंबकीय पट्टे म्हणजे पसरण्याची नोंदवही. प्लेट टेक्टॉनिक्स जिच्यावर उभं आहे ती कल्पना अरबी समुद्रातल्या आकड्यांवरून आली आणि आपल्या मुलांना अटलांटिकचं उदाहरण पाठ असतं!

इथे बेसमॅप्समध्ये जाऊन सागरतळाच्या वयाचा ग्रिड लावा. रंगांचे पट्टे येतात, माथ्याला शून्य वय, लांब जावं तसं जुनं. आता नीट बघा, कार्ल्सबर्गच्या माथ्याजवळ पट्टे अरुंद आहेत, आणि भारताच्या दिशेने वर येत गेलात की जुने पट्टे रुंद व्हायला लागतात. तितक्याच वर्षांत जास्त तळ तयार झाला म्हणजे तेव्हा वेग जास्त होता. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा लाव्हा ओतला गेला, त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्स भारतापासून तुटलं आणि मधे ही रिज सुरू झाली, तेव्हा भारत वर्षाला 15 सेंटीमीटरच्या आसपास वेगाने उत्तरेला धावत होता. मग आशियाशी टक्कर झाली, वेग पडला, आणि रिज हळू पसरणारी झाली, आज अडीच-तीन सेंटीमीटरवर आली. म्हणजे हिमालय उभा राहिल्याचा परिणाम अरबी समुद्राच्या मधोमध पट्ट्यांच्या रुंदीत दिसतो. मला तर हे पहिल्यांदा पट्टे मोजताना अंगावर काटा आला होता. जोरात पसरलेला जुना तळ गुळगुळीत आणि हळू पसरलेला नवा तळ खडबडीत असायला हवा, तो फरकही बघायला जावं तर उत्तरेकडे सगळं सपाट दिसतं, पण ते वेगळ्या कारणाने, सिंधू नदीने आणून टाकलेल्या गाळाखाली सगळं गाडलं गेलंय. गाळाच्या जाडीचा ग्रिडही आहे, तो लावून खात्री करून घ्या, नाहीतर सपाट दिसतंय म्हणून भलताच निष्कर्ष निघायचा.

आणि हे नुसतं अभ्यासापुरतं नाहीये. 2016 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाबरोबर हिंदी महासागराच्या मध्य आणि नैर्ऋत्य रिजवर 10,000 चौरस किलोमीटरमध्ये सल्फाइड खनिजं शोधण्याचा करार केला, आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये कार्ल्सबर्ग रिजसाठी दुसरा. गोव्यात वास्कोला एनसीपीओआर म्हणजे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे आणि दोनापावलाला एनआयओ म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, तिथली माणसं वर्षानुवर्षं या रिजवर जहाजं घेऊन जातायत. हळू पसरणाऱ्या रिजवरच मोठे सल्फाइड साठे जास्त मिळतात ते त्या दीर्घकाळ सरकणाऱ्या फॉल्टमुळे, गरम पाण्याला लाखो वर्षं तोच तोच रस्ता मिळत राहतो. मगाशी 26 अंशावर जो छेद काढला ना, तिथलाच टॅग नावाचा सल्फाइडचा ढिगारा याचं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण आहे. जिऑलॉजीच्या मुलांनी हे मनावर घ्यावं, पुढे कामं आहेत यात.

बाकी फीचर्स थोडक्यात. खडकांच्या रासायनिक विश्लेषणाचा पेटडीबी पोर्टल आहे, एमएस्सीच्या मुलांना सोन्यासारखा, नकाशावर एरिया निवडला की तिथल्या नमुन्यांचा तक्ता आणि ग्राफ मिळतो. स्वतःची अक्षांश-रेखांशाची एक्सेल शीट टाकता येते. रंगांच्या पॅलेट भरपूर, त्यातली हॅक्सबी नावाची घ्या, हे सॉफ्टवेअर ज्यांनी सुरू केलं त्या बिल हॅक्सबींची, खोलीसाठी मला तीच सगळ्यात वाचनीय वाटते. नकाशा इमेज म्हणून निघतो, गुगल अर्थसाठीही देता येतो.

आता काय आवडलं नाही किंवा कशाला जपायचं. इंटरनेट सतत लागतं, डेटा सगळा तिकडच्या सर्व्हरवरून येतो, त्यामुळे ज्या कॉलेजात नेट रडतखडत चालतं तिथे वर्ग सुरू व्हायच्या आधीच ग्रिड लोड करून ठेवायचा, मी तसंच करते, शिवाय मुख्य छेदांच्या इमेज काढून जवळ ठेवते. इंटरफेस नवीन माणसाला गोंधळात टाकतो, मेनूत मेनू, त्यात खिडकीत खिडकी, पहिला तासभर तर कुठे काय आहे हेच शोधण्यात जातो. सगळं इंग्रजीत आहे, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सुरुवातीला बसून दाखवावं लागतं, एकदा दाखवलं की मात्र ती कोणाला ऐकत नाहीत. मर्केटर नकाशात उत्तरेकडचे भाग ताणले जातात, आइसलँडच्या वरचं काही बघायचं असेल, गॅकेल रिज वगैरे, तर उत्तर ध्रुवाचा नकाशाच उघडा. आणि छेदाची उभी स्केल ताणलेली असते हे मुलांना परत परत सांगा, पडद्यावर जो सरळसोट कडा दिसतो तो प्रत्यक्षात चालत चढता येईल असा उतार असू शकतो. उतार काढायचा तर आकडे सेव्ह करून स्वतः भागाकार करायचा, चित्रावरून नाही.

कोणासाठी नाही, तर ज्यांना फक्त पृथ्वीवर फेरफटका मारायचाय, सुंदर थ्रीडी बघायचंय त्यांच्यासाठी नाही, त्यांना गुगल अर्थ बरं. शाळेतल्या मुलांनाही एकट्याने झेपेल असं वाटत नाही, शिक्षकाने बरोबर बसावं. पण अकरावी-बारावीत भूगोलात जलमग्न पर्वतरांगा शिकवणाऱ्यांनी निदान ते दोन छेद, पॅसिफिक आणि अटलांटिकचा, काढून वर्गात भिंतीवर लावावेत अशी माझी मनापासून विनंती आहे. कलर प्रिंटही लागत नाही, काळी रेघ पुरते.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो त्या मेनूंसाठी. डाउनलोड केलंत तर या क्रमाने बघा : 9 अंश 50 मिनिटं उत्तर 104 पश्चिम, मग 26 उत्तर 45 पश्चिम, मग 30 उत्तर 42 पश्चिम सूर्य उत्तरेकडून ठेवून, मग मुंबई ते कार्ल्सबर्ग वयाच्या ग्रिडसकट. त्यानंतर वेळ उरला तर 32 अंश 40 मिनिटं दक्षिण, 57 पूर्वेला अटलांटिस बँक बघा, नैर्ऋत्य हिंदी महासागर रिजवर, वर्षाला जेमतेम दीड सेंटीमीटर पसरणाऱ्या रिजवरचा गॅब्रोचा सपाट माथ्याचा डोंगर, 1508 मीटरचं भोक तिथेही आहे. कोणाला ग्रिड लोड करताना अडलं तर खाली विचारा, मला येतं तेवढं नक्की सांगेन.